घरचें दप्तर आणि ढगांतली कोठी

आमच्या तीर्थरूपांनीं चाळीस वर्षें लिहिलेल्या टिपणवह्या आम्ही निवृत्तीनंतर संगणकावर उतरवून काढीत आहों. एकंदर अकरा वह्या. पैकीं सात पुऱ्या झाल्या. घराण्यांतील लग्नें-मुंजी, पावसाचें मान, धान्याचे भाव, कोणाचें पोर कोणत्या दुखण्यानें गेलें, सारें त्यांत आहे. आणि मूळ कागद इतका जीर्ण झाला आहे कीं, पान उलटावयास भय वाटतें. गेल्या कार्तिकांत एके दिवशीं सकाळीं संगणक उघडून पाहतों, तों पडद्यावरचा ‘वह्या’ नांवाचा फोल्डर नाहीं!

आदल्या रात्रीं एक उद्योग आम्हींच केला होता. आमच्या घरीं संगणक एक आणि माणसें नऊ; त्यावरचें खातें सूनबाईंचें. ‘साठवणुकीची जागा संपत आली’ अशी सूचना कांहीं दिवस पडद्यावर येत होती. आम्हांस वाटलें, वनड्राइव्ह म्हणून जी दूरची कोठी आहे, तींत आपल्या वस्तूंच्या नुसत्या प्रती आहेत. मूळ तर घरींच आहे. म्हणून इंटरनेटवरून त्या कोठींत शिरून मोठमोठे फोल्डर आम्हीं पुसून टाकले. कोठी रिकामी झाली आणि तिच्याबरोबर घरही! यांत दोष सर्वस्वी आमच्या अज्ञानाचा. दुपारीं पुतण्या आला. “काका, घाबरूं नका, तिथल्या कचरापेटींत असतील,” असें म्हणून त्यानें सातही वह्या परत आणल्या. वैयक्तिक खात्याच्या त्या पेटींत पुसलेली वस्तु सामान्यतः ३० दिवस राहते. आमचा एकच दिवस गेला होता, हें नशीब.

तेव्हांपासून हा विषय आम्हीं एखाद्या पाठासारखा घोटला. पुष्कळ घरांतून हाच घोटाळा होत असेल, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

मायक्रोसॉफ्टची ही कोठी २००७ साली निघाली. तेव्हां तिचें नांव स्कायड्राइव्ह होतें. ‘स्काय’ या नांवावरून ब्रिटनमधील एका प्रक्षेपण कंपनीशीं दावा झाल्यावर २०१४ साली वनड्राइव्ह हें नांव आलें. प्रथम ती वेगळी सोय होती. विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, ती संगणकाच्या फाइल एक्सप्लोररमध्येंच बसविलेली येऊं लागली. म्हणून आज नवें यंत्र उघडतांच डाव्या हातास, आपण न बोलावतां, एक लहानसा ढग पाटावर बसलेला दिसतो.

तो नुसता बसून राहता, तर आमची तक्रार नव्हती. परंतु यंत्र प्रथम सुरू करतांना मायक्रोसॉफ्टचें खातें जोडलें म्हणजे पुष्कळदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स हे तीनही फोल्डर त्याच्या ताब्यांत जातात. त्यास ‘बॅकअप’ असें नांव दिलेलें आहे, आणि सारा गैरसमज या नांवांतून निघतो. बॅकअप म्हटल्यावर सामान्य माणूस समजतो कीं, ही दुसरी प्रत. वस्तुतः हें बिंब-प्रतिबिंब आहे. एकीकडे पुसलें कीं दुसरीकडेही पुसलें जातें. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत निक्षेप, म्हणजे ठेव, हें एक पद आहे. आमच्या समजुतीनें ठेव ही मालकानें जाणूनबुजून ठेवावयाची असते. घाईघाईनें ‘पुढें’ या बटणावर बोट ठेवणाऱ्या मनुष्यानें ठेव ठेवली असें म्हणावें काय, हें वाचकांनींच ठरवावें.

आपलें दप्तर कोठें आहे हें ओळखण्याची खूण सोपी आहे. डॉक्युमेंट्स उघडून वरच्या पट्टींतला पत्ता वाचावा. त्यांत वनड्राइव्ह हा शब्द असेल, तर फोल्डर कोठीच्या हद्दींत गेला असें समजावें. मग प्रत्येक फाइलीजवळचें चिन्ह पाहावें. निळा ढग असेल, तर फाइल घरीं नाहीं. नुसती पाटी आहे, आणि इंटरनेट असेल तेव्हांच ती उघडेल. पांढऱ्या वर्तुळांत हिरवी खूण असेल, तर ती सध्यां घरीं उतरलेली आहे. भरीव हिरव्या वर्तुळांत पांढरी खूण असली म्हणजे ती कायम घरीं राहणार. ही पाट्यांची युक्ति २०१७ पासून आली. लहान डिस्कच्या यंत्रास ती उपकारक आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण पाटीलाच पोथी समजणारे आमच्यासारखे लोक तीमुळें फसतात.

आतां, ही कोठी नको असेल त्यानें काय करावें? येथें क्रमच महत्त्वाचा आहे. पाहुण्यास निरोप देण्यापूर्वीं आपलें सामान त्याच्या ट्रंकेंतून काढून घ्यावें लागतें. प्रथम वनड्राइव्हच्या फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हें निवडावें व सारे ढग हिरवे होईपर्यंत थांबावें. आमच्याकडे यास एक रात्र लागली. नंतर तें सर्व एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्यावें. ही खरी प्रत. मग घड्याळाशेजारच्या ढगावर दाबून सेटिंग्जमध्यें ‘सिंक अँड बॅकअप’ व त्याखालीं ‘मॅनेज बॅकअप’ येथें जावें आणि तीनही फोल्डरांची बटणें बंद करावीं.

या ठिकाणीं पुष्कळांचा धीर सुटतो. बटण बंद केल्यावर घरचा फोल्डर कित्येकदा रिकामाच दिसतो व त्यांत ‘व्हेअर आर माय फाइल्स’, म्हणजे ‘माझ्या फाइली कोठें आहेत’, अशी एक चिठ्ठी सांपडते. वस्तु नाहींशा झालेल्या नसतात. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरांतच असतात व तेथून आपण हातानें उचलून घरच्या फोल्डरांत ठेवावयाच्या असतात. अलीकडच्या आवृत्तींत फाइली कोठें ठेवूं असें विचारतात, तेव्हां घाई न करतां वाचून उत्तर द्यावें.

इतकें झाल्यावरच ‘अकाउंट’खालीं ‘अनलिंक धिस पीसी’ करून संबंध तोडावा. आधीं तोडला, तर ज्या फाइलींच्या नुसत्या पाट्या होत्या त्या घरीं राहत नाहींत. तो कार्यक्रमच नको असेल, तर सेटिंग्जमधील अॅप्सच्या यादींतून अनइन्स्टॉल करतां येतो, आणि त्याबरोबर डावीकडचा ढगही बहुधा जातो. रजिस्ट्रींत एक आंकडा बदलून नुसता ढग दृष्टिआड करण्याचाही मार्ग आहे. पण तेथें एक अक्षर चुकलें तरी यंत्र बिघडण्याची भीति. आम्ही त्या वाटेस गेलों नाहीं.

हें वाचून सर्वांनींच कोठी मोडावी असा आमचा आग्रह नाहीं. वहिनींचा जुना लॅपटॉप एकाएकीं बंद पडला, तेव्हां नातवंडांचीं चित्रें वनड्राइव्हमधूनच परत मिळालीं. फुकट मिळणारी जागा मात्र अवघी ५ जीबी आहे, ती एका लग्नाच्या चित्रांत भरते. आणि २०२३ पासून आउटलुकच्या पत्रांना जोडलेल्या फाइलीही याच मापांत धरल्या जातात. जागा भरली कीं त्या खात्यावरचीं पत्रें येणें-जाणेंही थांबूं शकतें. सूनबाईंची बँकेचीं पत्रें त्याच खात्यावर येतात, हें आम्हांस मागाहून कळलें.

शेवटीं घरांत असें ठरलें: संगणकावर आमचें नांव वेगळें केलें व तेथें ही कोठी ठेवली नाहीं. सूनबाईंच्या नांवावर ती चित्रांपुरती राहिली. वह्यांच्या प्रती दोन डिस्कांवर केल्या असून एक आमच्या कपाटांत, दुसरी पुतण्याच्या घरीं आहे. दर अमावास्येस तो ती घेऊन येतो आणि नवीं पानें उतरून नेतो.

आठवी वही काल उघडली. ती १९७२ च्या दुष्काळापासून सुरू होते. पहिल्याच पानावर ज्वारीचा भाव लिहिलेला आहे. शाई उडाल्यामुळें आंकडा मात्र अजून लागला नाहीं.