विमान तासाभराचे, पहूरची गाडी कुठे?

डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली जळगावहून मुंबईला विमान सुरू झाले. सुमारे तासाभराचा प्रवास, काही जागांचे भाडे अडीच हजारांच्या घरात, आणि कंपनीचा तोटा भरून देणार शासन! हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे पंतप्रधानांनी सांगितले होते.

परंतु जामनेर तालुक्यातील पहूरच्या शेतमजुराला परवडणारी गाडी होती ती ‘पीजे’. पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची, ब्रिटिश राजवटीतली छोटी रेल्वे त्याला पाचोऱ्याला मुंबईच्या मुख्य मार्गावर नेऊन सोडी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघणाऱ्यांचाही तोच आधार. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. टाळेबंदी उठली, पण छोटी गाडी पुन्हा धावली नाही.

राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दाखवून दिली होती. पहूर-मुंबई अंतर सर्वांना सारखेच. त्याला लागणारा वेळ मात्र खिसा ठरवतो.

विमानाला आमचा विरोध नाही. परंतु त्यासाठी तिजोरी उघडणाऱ्या शासनाने पहूरच्या रुळांचाही हिशेब द्यावा. ब्रॉडगेज जरूर करा. मात्र पहूरचा थांबा आणि जनरलचे डबे ठेवा. ही भीक नव्हे, हक्क आहे!