अधिवृक्क ग्रंथीची सौम्य अर्बुदे

प्रत्येक वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) वरच्या टोकावर सुमारे ४ ते ५ ग्रॅ. वजनाची एक अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या बाह्यकात (बाहेरील भागात) कॉर्टिसॉल, आल्डोस्टेरोन इ. हॉर्मोने, तर मध्यकात (आतील भागात) ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन तयार होतात. या ग्रंथीत उद्भवणाऱ्या, परंतु आसपासच्या ऊतकांत न घुसणाऱ्या व शरीरात अन्यत्र न पसरणाऱ्या गाठींना सौम्य अर्बुदे म्हणतात. ‘सौम्य’ हे विशेषण येथे केवळ वाढीच्या प्रकाराला लागू पडते. हॉर्मोन स्रवणारी लहानशी गाठही प्राणघातक ठरू शकते.

यांपैकी बहुतेक अर्बुदे बाह्यकातील असून ती स्राव करीत नाहीत. मेद व रक्तोत्पादक ऊतक यांनी बनलेले मायलोलिपोमा हे अर्बुद विरळा असून ते लहान असल्यास काढावे लागत नाही. आल्डोस्टेरोन स्रवणाऱ्या अर्बुदामुळे रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटू शकते. या विकाराचे वर्णन जे. डब्ल्यू. कॉन यांनी १९५५ मध्ये केले.

मध्यकापासून होणारे फिओक्रोमोसायटोमा सर्वांत फसवे होय. डोकेदुखी, छातीत धडधड व घाम यांचे झटके आणि त्या वेळी एकदम चढणारा रक्तदाब ही त्याची लक्षणे मानसिक अस्वस्थतेची समजली जाण्याचा संभव असतो. याचे अल्पांश अर्बुद पुढे पसरते व ते कोणते हे सूक्ष्मदर्शकाने खात्रीपूर्वक सांगता येत नाही. म्हणून त्याला निःशंकपणे सौम्य म्हणण्याचा प्रघात आता राहिलेला नाही.

निदान : अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत सीटी स्कॅन सहज उपलब्ध झाल्यापासून मुतखडा वा पोटदुखीसाठी केलेल्या तपासणीत अशी गाठ अनपेक्षितपणे दिसणे नवलाचे राहिलेले नाही. अहवालातील ‘साधी गाठ’ हा शेरा वाचून रुग्ण निर्धास्त होतो. परंतु चित्रावरून गाठीचा आकार व घनता कळते, स्राव कळत नाही. रंगद्रव्य न टोचता घेतलेल्या चित्रात १० हाउन्सफील्ड एककांपर्यंत घनता असलेली एकजिनसी गाठ सौम्य मानतात. घनता याहून अधिक असल्यास रक्तद्रवातील किंवा २४ तासांच्या मूत्रातील मेटानेफ्रिने मोजावीच लागतात. त्यापूर्वी गाठीत सुई घालून तुकडा काढणे धोक्याचे असते.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील तज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १५० रुग्णांच्या अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत आनुवंशिक दोष आढळला. त्यामुळे रुग्णाच्या निकटच्या नातेवाइकांचीही तपासणी करणे आवश्यक ठरते.

शस्त्रक्रिया : सी. एच. मेयो यांनी १९२६ मध्ये असे अर्बुद यशस्वीपणे काढले, तेव्हा त्याचे स्वरूप त्यांना आधी ठाऊक नव्हते. आज तसे धाडस कोणी करणार नाही. गाठीला हात लागताच ॲड्रेनॅलिनाचा लोंढा रक्तात येतो. म्हणून प्राझोसीन किंवा फेनॉक्सिबेंझामीन यांसारखे आल्फा-रोधक औषध एक-दोन आठवडे आधी देतात व आहारातील मीठ-पाणी वाढवितात. बीटा-रोधक औषध त्यानंतरच देतात. क्रम उलटल्यास रक्तदाब भडकतो. १९९२ पासून ग्रंथी उदरदर्शकाद्वारे (दुर्बिणीने) काढता येऊ लागली. उजव्या ग्रंथीची नीला आखूड असून ती सरळ अधोमहानीलेला मिळते, त्यामुळे तेथे विशेष जपावे लागते. गाठ निघाल्यावर रक्तदाब व रक्तशर्करा एकाएकी उतरू शकतात. कॉर्टिसॉल स्रवणारी गाठ काढल्यास दुसरी सुप्त ग्रंथी जागी होईपर्यंत, कधीकधी अनेक महिने, हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते.