चेंडू अडवून धरण्याचा डाव

अमेरिकेंतील हायस्कुलांच्या बास्केटबॉलमध्यें एक वाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आघाडीवर असलेल्या, किंवा आपण दुर्बळ आहों हें ओळखून असलेल्या संघानें चेंडू टोपलीकडे न फेंकतां नुसता हातोहात फिरवीत वेळ संपूं द्यावा, हें न्याय्य कीं अन्याय्य?

प्रथम नियम पाहूं. सामना आठ आठ मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे ३२ मिनिटांचा. चेंडू ताब्यांत आल्यावर दहा सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते. पुढें प्रतिस्पर्धी अगदीं अंगाशीं येऊन भिडला, तर पांच सेकंदांत चेंडू सोडणें भाग पडतें. पण तो भिडलाच नाहीं तर? मग जुन्या नियमाची कांहींच आडकाठी नाहीं. सारी मेख येथें आहे. बचाव करणारे टोपलीखालीं दाटी करून उभे राहतात. पुढें यावें तर पाठीमागें वाट मोकळी होते, न यावें तर घड्याळ धांवतें. असे सामने कोणत्या थरास जातात पाहा: १९३० सालीं इलिनॉय संस्थानांत जॉर्जटाउन व होमर या शाळांचा सामना १-० असा संपला, आणि २०२२ सालीं ओक्लाहोमांत दोन शाळांचा ४-२ असा!

धंदेवाईक खेळाडूंनीं हा प्रश्न कधींच सोडविला. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं फोर्ट वेन संघानें मिनियापोलिसला १९-१८ असें हरविलें. प्रेक्षक कंटाळले, आणि कंटाळलेला प्रेक्षक पुन्हां तिकीट काढीत नाहीं. तेव्हां सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनीं साधें त्रैराशिक मांडलें. रंगलेल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून सुमारें १२० वेळां चेंडू फेंकतात, ४८ मिनिटांचे सेकंद २८८०, भागाकार २४. १९५४ पासून तो चोवीस सेकंदांचा नियम लागू झाला. महाविद्यालयांतील पुरुषांच्या खेळांत मात्र डीन स्मिथ यांचा ‘चार कोपऱ्यांचा’ डाव पुष्कळ वर्षें गाजला. तेथें ४५ सेकंदांची मर्यादा १९८५ सालीं आली.

मग शाळांनीं इतकी वर्षें कां थांबावें? याचें उत्तर इंडियाना संस्थानांत मिळतें. १९५४ च्या अंतिम सामन्यांत मायलन या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेची गांठ तिच्या दहापट मोठ्या मन्सी सेंट्रलशीं पडली. शेवटच्या भागांत बॉबी प्लंप हा मुलगा चेंडू हातीं धरून चार मिनिटांहून अधिक वेळ जवळजवळ स्तब्ध उभा राहिला; तोही आपला संघ दोन गुणांनीं मागें असतांना! अखेर त्यानेंच शेवटच्या क्षणीं चेंडू टोपलींत टाकला, आणि मायलननें ३२-३० असा विजय मिळविला. लहान शाळेच्या शिक्षकापाशीं उंच मुलें नसतात, राखीव खेळाडू नसतात. वेळ हेंच त्याचें शस्त्र. तें काढून घेणें म्हणजे बलवानालाच आणखी बळ देणें, असें ते म्हणतात. त्यांचें म्हणणें मला पोकळ वाटत नाहीं. चेंडू न गमावतां खेळविणें हीही कलाच आहे; कसोटी सामना अनिर्णित राखण्यासाठीं दिवसभर बॅट अडवून उभ्या राहणाऱ्या फलंदाजाला आपण भ्याड म्हणत नाहीं.

परंतु खेळायला आलेल्या दहा मुलांपैकीं आठ जणांनीं नुसतें पाहत राहावें, हें शाळेच्या खेळाला शोभत नाहीं. त्यांतही चेंडू सर्वांत चलाख मुलाच्याच हातीं राहतो. ज्याला शिकण्याची गरज अधिक, त्याच्याकडे तो येतच नाहीं.

शाळांच्या राष्ट्रीय संघटनेनें २०२२-२३ च्या हंगामापासून ३५ सेकंदांचें घड्याळ लावण्याची मुभा प्रत्येक संस्थानाला दिली, सक्ती केली नाहीं. हा मध्यम मार्ग मला पटतो. प्रत्येक वेळीं पूर्ण ३५ सेकंद घेतले, तरी ३२ मिनिटांत दोन्ही संघांच्या मिळून चोपन्न पाळ्या होतात. धीमेपणाला जागा उरते, गोठून राहण्याला उरत नाहीं. अडचण आहे ती खर्चाची. दोन्ही टोपल्यांवर घड्याळें बसवावीं लागतात आणि प्रत्येक सामन्याला तीं चालविणारा जाणता माणूस लागतो. खेड्यांतील ज्या शाळेला वेळ काढण्याची गरज सर्वांत अधिक, तिलाच हा खर्चही सर्वांत जड जातो.