खिडकी नसलेली खिडकी

लासूर स्टेशनवर गाडी शिरली की आमच्या आईचा एकच लकडा, "आधी खिडकी धर!" मनमाडपर्यंतचा सारा मुलूख तिने खिडकीतूनच पाठ केलेला. तेव्हा सत्तराव्या वर्षी मुंबईहून दिल्लीला पहिलाच विमानप्रवास ठरला, तसा मी कंपनीच्या संकेतस्थळावरचा नकाशा न्याहाळला आणि चांगले जादा पैसे मोजून खिडकीची जागा घेतली. आत जाऊन पाहतो तो काय, खुर्चीशेजारी गुळगुळीत भिंत!

"खिडकी कुठंय रे?" आईने विचारले. मी काय बोलणार, कपाळ!

मागाहून उलगडा झाला. बोइंग ७३७ च्या पोटात हवा थंड करणारी यंत्रे असतात. ती हवा छताकडे नेणारा नळ पंखाच्या जरा पुढे, डाव्या भिंतीतून वर चढतो. तिथे खिडकीला जागाच उरत नाही. शिवाय खिडक्या ठरवतो कारखाना. खुर्च्या मात्र विमानकंपनी आपल्या सोयीने रुळांवर इंच-इंच सरकवून बसवते. नकाशातल्या 'ए' अक्षराचा अर्थ 'भिंतीलगत', इतकाच! ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांवर याच कारणाने दावे दाखल झाले. म्हणजे ठेच लागलेले आम्ही एकटे नव्हे.

परतताना मी पंखाच्या बरीच मागची ओळ घेतली. मुंबई येईपर्यंत आई काचेला कपाळ टेकवून बसली होती. चहासुद्धा नको म्हणाली.