पेरलेलं पाणी

मराठवाड्यात दिवाळीच्या सुट्टीत धरण भरलेलं सापडेलच, असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. लातूरकरांना तर १२ एप्रिल २०१६ ची पहाट आठवते. त्या दिवशी मिरजेहून पहिली पाणीगाडी स्टेशनात आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. शहराला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. त्याच वर्षीच्या पावसाने ते पुन्हा भरलं.

पाणी आभाळातून आलं, हे लहान लेकरालाही कळतं. पण धरणावर नेलेलं लेकरू पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही : तळ उघडा पडलेल्या धरणात मासे परत आले कुठून?

काही आपले आपण येतात. नदीच्या वरच्या अंगाला डोहांत, ओढ्यांत तग धरून राहिलेली मरळ, बारीकसारीक मासळी पुराबरोबर खाली उतरते. पण बाजारात ज्यांची नावं आपण रोज घेतो, ते कटला, राहू आणि मृगळ बहुतेक वेळा माणसांनी आणून सोडलेले असतात. धरणातलं पाणी हे पेरलेलं रान आहे. लेकराच्या हाती गळ देण्याआधी आपल्याला हे ठाऊक असलं, तर त्या दिवसाला निराळी गोडी येते.

कुठलं पाणी?

नांदेडकरांच्या दाराशीच गोदावरीवर विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. त्याचा जलाशय म्हणजे शंकरसागर, नाव शंकरराव चव्हाणांचं. काठावर काळेश्वराचं मंदिर असल्याने घरचे सगळे आले तरी प्रत्येकाची सोय होते. कंधार तालुक्यात बारूळला मानार धरण आहे, लोहा तालुक्यात त्याच नदीवर लिंबोटी. खुद्द कंधारला जगत्तुंग सागर आहे. हा तलाव राष्ट्रकूटांच्या काळातला, म्हणजे हजार वर्षांहून जुना.

लातूरकडे मोठं पाणी मांजराचं. धरण बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात असलं तरी लातूर त्याला आपलंच मानतं. माकणीचं निम्न तेरणा धाराशिव जिल्ह्यात येतं. त्याखेरीज तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी, मसलगा, रेणा असे मध्यम प्रकल्प आहेत. लेकराला घेऊन जायला खरं तर हेच बरे : काठ जवळ, गर्दी कमी, आणि गावातलं कुणीतरी सहसा हाकेच्या अंतरावर.

ही सगळी पाणी अखेर एकमेकांना भेटतात. तेरणा मांजरेला मिळते, मानारही मांजरेलाच, आणि मांजरा कुंडलवाडीच्या पुढे तेलंगणाच्या हद्दीवर गोदावरीत उतरते. नकाशावर बोट फिरवून लेकराला ही वाट दाखवली, की लातूरचा मासा आणि नांदेडचा मासा एकाच घरचे कसे, हे त्याला पटतं.

जिरे ते बोटुकली

कटला, राहू, मृगळ हे वाहत्या पाण्याचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला, की त्यांना अंडी घालायची ओढ लागते. कोंडलेल्या, स्थिर पाण्यात ते वाढतात, लठ्ठ होतात, पण सहसा वीत नाहीत. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावं लागे. बंगालकडून ते हंड्यांत भरून रेल्वेने देशभर जाई. वाटेत किती मरे, आणि त्यात नको त्या माशांची पिल्लं किती मिसळलेली असत, याचा नेम नसे.

हे बदललं १० जुलै १९५७ रोजी. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि कोंडलेल्या पाण्यातल्या मादीकडून अंडी घालवून घेतली. आज देशातल्या मत्स्यबीज केंद्रांचं काम याच पायावर उभं आहे. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात, तो याचसाठी.

राहूची पुरी वाढलेली मादी एका हंगामात लाखांनी अंडी देते. त्यातून निघणारं पिल्लू इतकं बारीक, की त्या अवस्थेला मत्स्यजिरे म्हणतात. जिरे थेट धरणात ओतले, तर बहुतेक इतर माशांच्या पोटात जातात. म्हणून आधी छोट्या तळ्यांत त्यांना बोटाएवढं, म्हणजे बोटुकलीपर्यंत वाढवायचं आणि मग धरणात सोडायचं. बीजाचा खर्च मच्छिमार सहकारी संस्थेचा. पाणी शासनाचं, ते संस्थेने ठेक्याने घेतलेलं. बोटुकली सोडून पाऊस दगा देऊन गेला, की मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं जे होतं तेच भोई समाजातल्या या माणसांचं होतं.

कल्याणीच्या राजाचा छंद

गळाने मासे धरणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणारे घरोघर असतात. त्यांच्यासाठी एक दाखला हाताशी ठेवावा. लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय : राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे, आणि ते निव्वळ गळाच्या मासेमारीबद्दल आहे.

मासा खवल्यांचा की बिनखवल्यांचा, समुद्रातला की नदीतला, थोर की लहान, काय खातो, त्याला कुठलं आमिष लावावं, असा तो विचार चालतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. आठ-नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच परिसरातला एक राजा माशांच्या सवयींची नोंद ठेवत होता, तेव्हा आपल्या लेकराने वहीत चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

तोंड पाहून मासा ओळखावा

ही वही माशाच्या तोंडापासून सुरू करावी. कटल्याचं तोंड वर वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. मृगळाचं खाली वळलेलं. तो तळाचा गाळ हुंगत फिरतो. राहू मधल्या थरातला. तिघांना एकत्र सोडतात ते याचसाठी, एकाचा घास दुसरा हिसकावत नाही. त्यामुळे गळ किती खोल सोडायचा, हे गणितही लेकराला तोंड पाहूनच सुटतं.

मरळ निराळीच. तिला कल्ल्यांबरोबर हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती मधूनमधून वर येते. तिची पिल्लं लालसर थव्याने पृष्ठभागाशी फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. असा थवा दिसला, की तिथे गळ टाकू नये. राखणदार मासा उचलला, तर मागची पिल्लं वाऱ्यावर जातात.

शिंगाड्याला मिशा असतात. गढूळ पाण्यात तो त्यांनीच चाचपत अन्न शोधतो. त्याच्या पाठीच्या आणि छातीच्या पराचे काटे टोकदार असतात, तेव्हा लेकराला हात लावू देऊ नये. वाम सापासारखी लांब दिसली, तरी ती मासाच. आणि ज्याला पुष्कळ जण चिलापी म्हणतात तो तिलापिया परदेशी पाहुणा, १९५२ मध्ये भारतात आणलेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून हा मासा जिथे शिरतो तिथे झपाट्याने वाढतो. नवशिक्या लेकराच्या गळाला बहुधा हाच आधी लागतो.

आफ्रिकन मांगूरची गोष्ट मात्र करमणुकीची नाही. तो खादाड मांसाहारी, स्थानिक मासे फस्त करतो. केंद्र सरकारने २००० सालीच त्यावर बंदी घातली. घरच्या टाकीतले शोभेचे मासेही कंटाळा आला म्हणून धरणात सोडू नयेत.

सामान थोडकं

दुकानातला रॉड आणि रीळ घेतला तर बिघडत नाही, पण आठ-नऊ वर्षांच्या लेकराला हलकी बांबूची काठी पुरते. काठीएवढंच लांब तंगूस, बारीक गळ, वर शिशाचा दाणा. तरंगायला ज्वारीच्या धाटातलं भेंड कापून लावावं. ते बुडालं की ओढायचं, इतकंच शिकवायचं. आमिष म्हणून गांडूळ, नाहीतर घट्ट मळलेली कणीक. लेकराचा अर्धा वेळ कणकेच्या गोळ्या करण्यातच जातो आणि तो सर्वांत आनंदात जातो.

वेळ सकाळची किंवा उन्हं कलल्यावरची. माशाच्या दोन्ही अंगांवरून एक संवेदनशील रेषा गेलेली असते, तिने त्याला पाण्यातला हादरा कळतो. म्हणून काठावर गप्पा चालतील, धावपळ नको. माशाचं रक्त पाण्याच्या तापमानाप्रमाणे थंड-गरम होतं. मार्गशीर्ष-पौषात पाणी गार पडलं, की त्याची भूक मंदावते. दिवाळीच्या आसपासचे दिवस म्हणून बरे.

लहान मासा सोडायचा असेल, तर हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. एखादा खवला मात्र घरी आणून भिंगाखाली पाहावा. झाडाच्या खोडासारखी त्यावर वलयं दिसतात, त्यांवरून शास्त्रज्ञ माशाचं वय काढतात.

काठावरचे धोके

काळ्या मातीच्या काठाला वरून पापुद्रा धरलेला असतो आणि खाली गुडघाभर चिखल. बुडित क्षेत्रात जुन्या विहिरी पाण्याखाली असतात. पाणी उतरतं तसा त्यांचा काठ जवळ येतो, पण दिसत नाही. म्हणून दोन नियम कडक पाळावेत : लेकराने पाण्यात पाय घालायचा नाही, आणि मोठ्या माणसाने मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. धरणाचे दरवाजे, सांडवा आणि पाणी उपसण्याची विहीर यांपासून लांब बसावं. विष्णुपुरीसारख्या ठिकाणी दरवाजे उघडले, की खालच्या पात्रात पाणी झरझर चढतं. जवळ फुगवलेली ट्यूब आणि दोरी असू द्यावी. विजा चमकू लागल्या, की काठी खाली ठेवून निघावं.

तुटलेलं तंगूस गोळा करून आणावं. ते कुजत नाही, आणि पाणकावळ्याच्या पायात अडकलं, की सुटत नाही.

आधी विचारावं

आता पेरलेल्या रानाकडे परत येऊ. ज्वारीच्या शेतातून जाताना आपण चार कणसं न विचारता मोडत नाही. ठेक्याच्या पाण्याचंही तेच. काठावर जाळं झटकत बसलेले भोईमामा दिसले, की लेकरालाच पुढे करावं. ‘मामा, इथं गळ टाकू का?’ एवढं विचारलं, की सहसा जागाही कळते, आमिषही, आणि आज मासा का लागणार नाही हेही. नको म्हटलं, तर वाद न घालता दुसरं पाणी शोधावं.

आणि काहीच लागलं नाही, तर त्यांच्याकडूनच किलोभर ताजी मासळी घ्यावी. लेकरासाठी मरळ मिळाली तर उत्तम, तिच्यात काटे कमी. राहूचे बारीक दुभंगलेले काटे मोठ्यांनाही छळतात. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी, यापुढे मासा कुणी धरला हे कुणी विचारत नाही. तरी कुणी विचारलंच, तर लेकराला खरं सांगू द्यावं : मामांकडून विकत आणला. ज्यांनी बोटुकली सोडली, पावसाची वाट पाहिली, त्यांच्या हाती त्या दिवसाचे पैसे गेले, ही काही कमी शिकार नाही.