एम. ए.ची दोन वर्षे

पदवीनंतर पुढे काय, हा प्रश्न आपल्या घराघरांत येतो. नोकरी लागेपर्यंत एम. ए. करून ठेवू, असे म्हणून पुष्कळ मुले-मुली प्रवेश घेतात. परंतु मजुरीवर चूल पेटणाऱ्या घराने दिलेली ही दोन वर्षे असतात. ती कशी वापरायची, याचा विचार प्रवेशापूर्वीच व्हावा.

यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन पाहावे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१५ साली एम. ए. झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. परंतु तेथील तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ व राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक वर्गही केले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आज जगभर वाचला जाणारा हा निबंध एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वर्गासाठी लिहिला होता. जातीचा प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाही, म्हणून त्यांनी अनेक विषय वाचले.

आपल्याला न्यूयॉर्क दूर असले तरी विद्यापीठ आता दूर नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, १९५८ साली तेथे मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. ए.ची चार सत्रे असतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्यास एक वर्ष पुरते. अभ्यासक्रमात संशोधन पद्धती आणि संशोधन प्रकल्प असतो. अनेकजण हा प्रकल्प दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून काढतात. खरे तर एम. ए.चे सार त्यातच आहे. वसमतच्या हळद बाजारातील हमाल आणि मजूर स्त्रिया, नर्सी नामदेवची परंपरा, आपल्याच गावातील जमिनीची मालकी, असे विषय दाराशी आहेत. निजामकाळातील महसुली कागद वाचायचे तर उर्दू यावी लागते. बाबासाहेब फ्रेंच-जर्मनच्या वर्गाला बसले. आपण उर्दू किंवा मोडी शिकायला काय हरकत आहे?

नुसत्या एम. ए.ने नोकरी मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्राध्यापक होण्यासाठी साधारणपणे नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्या परीक्षांना अनुसूचित जातीच्या उमेदवारास एम. ए.ला किमान ५० टक्के गुण लागतात. गाईड पाठ करून ही परीक्षा पार पडत नाही. मूळ ग्रंथ वाचलेला विद्यार्थीच तेथे टिकतो.

पैशाची व्यवस्था आधी करावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरावा. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे आधीच पाहावे; एवढ्यासाठी रक्कम अडकलेली मुले आम्हाला काउंटरवर नेहमी भेटतात. नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मैत्रिणींनो, सोबत्याने कोणता विषय घेतला म्हणून आपण तो घेऊ नका. आपल्याला छळणारा प्रश्न कोणता, हे आधी कागदावर लिहा आणि त्याचे उत्तर ज्या विषयात शोधता येईल, तो विषय घ्या.