श्रद्धेतील विस्मय आणि त्याची जोपासना : ‘क्रिस्तपुराणा’च्या निमित्ताने

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तील मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्या ज्याच्या कानांवरून गेल्या नाहीत असा मराठीचा अभ्यासक विरळाच. परंतु त्या चार-दोन ओव्यांच्या पलीकडे जाऊन तो ग्रंथ वाचणारे फार थोडे. एका परदेशी धर्मोपदेशकाने आपल्या भाषेची थोरवी गायिली याचे आपणांस इतके कौतुक वाटले, की ती त्याने कशासाठी गायिली हे विचारावयाचे राहूनच गेले. स्टीफन्स यांच्यापुढे प्रश्न होता तो मुख्यत्वे धर्मजीवनाचा. स्वीकारलेली श्रद्धा नुसत्या पाठांतराने कोमेजू लागली, तर तिच्यातील विस्मय आणि भक्ती कशी टिकवावयाची, हा तो प्रश्न होय. ख्रिस्ती परंपरेने त्याचा विचार अनेक शतके केलेला आहे. आणि त्याचे एक समर्थ उत्तर मराठीत, तेही गोव्याच्या भूमीवर, लिहिले गेले.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेले आणि जेझुइट संघात दाखल झालेले स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबर महिन्यात गोव्यास पोचले. 1619 मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य सासष्टीत गेले. त्या काळची सासष्टी कशी होती हे विसरून ‘क्रिस्तपुराण’ वाचता येणार नाही. 1567 मध्ये तेथील देवळे पाडली गेली होती. कित्येक कुटुंबे आपले देव घेऊन जुवारी नदीपलीकडे गेली. जी मागे राहिली त्यांतील पुष्कळांनी नवा धर्म स्वीकारला, आणि तो सर्वांनीच आपखुशीने स्वीकारला असे कोणी म्हणू नये. जुने ग्रंथ हिरावले गेले होते. त्यांच्या जागी आली ती दोत्रीन, म्हणजे धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी. तिच्यात प्रश्नही ठरलेला आणि उत्तरही ठरलेले.

ग्रंथारंभीचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचे मर्म उलगडते. ख्रिस्तमंदिरात दोत्रीन शिकविली जात असता एक ब्राह्मण श्रोता पाद्री गुरूला विनयपूर्वक विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? धर्मतत्त्वे त्याला शिकविली जात आहेतच. त्याला हवे आहे ते निराळे : ज्यात मन रमेल, जे चारचौघांत ऐकता येईल, ज्याच्या श्रवणाने दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटेल असे काही. केवळ उत्तरे पाठ असलेल्या माणसाची ही भूक आहे. स्टीफन्स यांचे मोठेपण असे, की या मागणीत त्यांनी जुन्या धर्माचा अवशेष पाहिला नाही. एक खरी उणीव पाहिली. 1616 मध्ये राचोल येथे छापलेला, अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचा ग्रंथ हे त्या मागणीचे उत्तर आहे.

विस्मय नाहीसा का होतो? संत ऑगस्टीन (354–430) यांनी योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचने केली. पाच भाकरींवर पाच हजार माणसे तृप्त झाली त्या प्रसंगाचे विवरण करताना ते म्हणतात, की मूठभर दाण्यांतून साऱ्या जगाचे पीक दरवर्षी उभे राहते हा चमत्कार त्याहून लहान नाही. पण तो रोजचा झाल्यामुळे त्याचे कोणाला काही वाटत नाही. लोक थक्क होतात ते क्वचित घडणाऱ्या गोष्टीने. मोठ्या गोष्टीने नव्हे. सासष्टीच्या खाजनात भाताची लावणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरजही पडू नये. म्हणजे दोष वस्तूचा नसून दृष्टीचा आहे. उपाय शोधावयाचा तो नव्या चमत्काराच्या रूपाने नव्हे, तर जुनेच पुन्हा पाहता येईल असा डोळा घडविण्याच्या रूपाने. आजही धर्मोत्साह मावळला, की अधिक मोठा समारंभ, अधिक दिपविणारी रोषणाई यांच्या मागे लागण्याची प्रवृत्ती सर्वच धर्मांत दिसते. ऑगस्टीन यांच्या निदानाप्रमाणे ते औषध रोगच वाढविणारे ठरेल.

डोळा घडविण्याची शिस्त स्टीफन्स यांना त्यांच्या संघातच मिळाली होती. इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’ 1548 मध्ये छापली गेली, आणि प्रत्येक जेझुइटाला तिच्यातून जावे लागे. तीत साधकाला ख्रिस्तजन्माचे तत्त्व विचारीत नाहीत. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट मनश्चक्षूंनी पाहावयास सांगतात. ती वाट केवढी लांब आहे, सपाट आहे की दऱ्याखोऱ्यांतून जाते, जन्मस्थानाची गुहा किती मोठी, किती ठेंगणी, हे सर्व त्याने न्याहाळावयाचे. आणि स्वतः एक दीन सेवक होऊन तेथे उभे राहावयाचे. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवसाच्या पुढील ध्यानांसाठी बहुधा नवा विषय मिळत नाही. सकाळी ज्यावर ध्यान केले त्याकडेच परत यावयाचे, आणि जेथे मनाला गोडी लागली तेथे थांबावयाचे. पुष्कळ जाणल्याने जीव तृप्त होत नाही, आतून चाखल्याने होतो, अशी त्या ग्रंथाची धारणा आहे. आपल्याकडे नामस्मरणाविषयी जे सांगितले जाते त्याच्याशी हे किती जुळते हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

ही पुनरावृत्ती पाठांतराहून भिन्न आहे. पाठांतरात शब्द पक्का झाला, की काम संपते. ध्यानातील आणि पुराणश्रवणातील पुनरावृत्तीत शब्द पक्का झाल्यावरच काम सुरू होते. कारण पुढे काय घडणार ही उत्सुकता संपून जे घडत आहे त्याकडे पाहण्यास मन मोकळे होते. रामाला वनवासास जावे लागणार हे ज्याला ठाऊक नाही असा श्रोता कोणत्या कीर्तनाला बसतो? तरीही त्या प्रसंगी डोळे भरून येतातच.

स्टीफन्स यांनी या दोन परंपरांची सांगड घातली. पहिल्या तीन चरणांत यमक साधणारी आणि चौथ्यावर विसावणारी ओवी त्यांनी पसंत केली. ती गाताही येते, सावकाश सांगताही येते. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास ते कचरले नाहीत. श्रोत्यांना मध्येच शंका विचारू दिली; ठरलेल्या प्रश्नांच्या जोडीला मनात आलेला प्रश्नही धर्मशिक्षणात शिरला. प्रश्न पडणे हेच विस्मय जिवंत असल्याचे लक्षण नव्हे काय? आणि सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे त्यांनी श्रोत्याला वाट पाहावयास लावली. पहिले पुराण छत्तीस अवस्वरांचे आहे, आणि ते सारे सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंत चालते. ख्रिस्ताचे चरित्र येते ते दुसऱ्या पुराणात. ख्रिस्ती वर्षचक्रात नाताळापूर्वी आगमनकाल असतो, पुनरुत्थानाच्या सणापूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाल असतो. त्यांमागील योजना हीच आहे. ज्याची वाट पाहिली नाही ते आले तरी त्याचे आगमन जाणवत नाही.

येथे गोव्याच्या घरोघरी नाताळात मांडल्या जाणाऱ्या गोठ्याचा उल्लेख करणे अवश्य आहे. 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणवून ख्रिस्तजन्माचे दृश्य उभे केले. ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली कथा लोकांनी डोळ्यांनी पाहावी, बालकाला किती उणिवा सोसाव्या लागल्या हे त्यांना दिसावे, एवढाच त्यांचा हेतु होता. आज तोच गोठा विजेच्या माळांनी झगमगतो. तो पाहताना मूळच्या गवताची आठवण कितीजणांस होत असेल, कोण जाणे!

‘क्रिस्तपुराणा’च्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, पण 1684 मध्ये व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत लोक रडत आणि गात होते तिलाच बंदी घालून भक्ती वाढविण्याचा हा प्रयत्न किती आत्मघातकी होता! गोव्याबाहेर मात्र ग्रंथ टिकला. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत तो जपला गेला, आणि टिपू सुलतानाच्या कैदेत श्रीरंगपट्टणास असताना त्याच्याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे त्या समाजात परंपरेने सांगतात. 1907 मध्ये तो पुन्हा छापला गेला तोही मंगळुरासच, रोमन लिपीत. देवनागरीत तो 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी आणला.

हाच प्रश्न पुढे महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांपुढे वेगळ्या रूपाने आला. त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती. 1895 मध्ये त्यांनी स्वेच्छेने, घरचा आणि समाजाचा रोष पत्करून दीक्षा घेतली. परंतु मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना पाश्चात्य चालींवर चाललेली पाहून त्यांचे मन तेथे रमेना. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या या कवीने अभंग, भजन आणि कीर्तन मंदिरात आणले. फुलांचा आणि मुलांचा कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची भक्तिरचना मात्र जणू दुसऱ्या कोणाची असावी अशी बाजूला ठेवतो. वास्तविक रानातल्या फुलापुढे थबकणारी दृष्टी आणि ख्रिस्तापुढे नमणारी दृष्टी त्यांच्या ठायी एकच आहे.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. पण 1919 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा सुमारे दहा अध्यायच झाले होते. ते काम उचलले लक्ष्मीबाईंनी. पतीच्या धर्मांतराने ज्यांचा संसार उन्मळून पडला, ज्या कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि ज्यांनी 1900 मध्ये, मनाची पूर्ण खात्री झाल्यावरच, दीक्षा घेतली, त्या लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळा अशी लाभली नव्हती त्यांनी उतारवयात साठांहून अधिक अध्याय ओवीबद्ध केले. शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला, आणि 1938 मध्ये, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ग्रंथ प्रसिद्ध झाला.